पाचशे चारची साक्षीदार

शनिवारी सकाळी बाबांनी लेकीच्या कपाटातून नेलपॉलिशची बाटली लांबवली आणि दारातच पकडले गेले.

"तीच का? शेजारी अर्धी सुकलेली होती की."

"सुकलेली माणसांना चालते. प्रोसेसरला नाही," बाबा म्हणाले आणि बाटली खिशात टाकून मागच्या खोलीकडे सटकले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अहो, नखं रंगवायचा विचार असेल तर आधी सांगा. मी शेजाऱ्यांना काय सांगायचं ते ठरवून ठेवते."

"सांग, नवरा वाया गेला म्हणून."

"ते सांगून झालंय. नवीन काहीतरी द्या."

बाबांनी पंचेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुकान एवढं चिंचोळं, की गिऱ्हाईक शिंकलं तर बाबांच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडायचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या घड्याळाची दिवसाला दोन सेकंदही पुढे जायची टाप नव्हती. आणि हाच माणूस घरी आला की मागच्या खोलीत बसून जुन्या संगणकांच्या आतलं घड्याळ पळवायचा. प्रत्येक प्रोसेसरच्या आत एक ठोका असतो. बनवणारी कंपनी सांगते, एवढ्याच वेगानं ठोके द्या, जास्त नको. कंपनीनं सांगितलं म्हणून ऐकतील ते बाबा कसले. "घड्याळं लोकांची होती, हे माझं आहे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

खोलीतलं संगणकाचं खोकं पंचवीस वर्षांचं होतं. जुन्या दातांसारखं पिवळं पडलेलं. त्यातला प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झच्या वेगाचा म्हणून विकला गेला होता, बाबांनी त्याला साडेचारशेवर आणून ठेवलं होतं, आणि आता त्यांना पाचशे चार हवे होते. त्यासाठी प्रोसेसरला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. ते मागायची सोय त्या मदरबोर्डवर नव्हती, म्हणून त्याला गंडवायचं: प्रोसेसरच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते, त्यातल्या दोन ठरावीक पट्ट्या नेलपॉलिशनं झाकायच्या, की बोर्डाचा समज होतो, हा गडी जास्त खाणारा आहे. शेजारच्या पट्टीवर चुकून रंग गेला तर मात्र प्रोसेसर मध्येच अडखळतो, नाहीतर कायमचा शांत.

"ए खोडरबर, बॅटरी धर इकडे."

खोडरबर म्हणजे लेक. वय अडतीस, एका प्रकाशनगृहात मुद्रितं तपासायचं काम. चुका काढणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता आणि फावल्या वेळेतला विरंगुळाही. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचतानाही तिच्या हातात पेन्सिल असायची.

तिने बॅटरी धरली. बाबांचा हात हल्ली थरथरायचा. चहाचा अर्धा कप बशीतच यायचा. पण भिंग डोळ्यावर चढलं, ब्रशचं टोक पट्टीपाशी पोचलं, आणि तो हात असा थांबला की जणू दुसऱ्याच कोणाचा होता. एक पट्टी. श्वास. दुसरी पट्टी. दोन्हींच्या मधली पट्टी कोरीच राहिली.

"गुलाबी," बाबा भिंग काढत म्हणाले. "जरा शोभेसा घ्यायचास."

दहा वाजता त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर पाचशे चार उमटलं. बाबांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. "बघ!"

"काय बघू? मघाचंच पिवळं खोकं आहे."

"तू पुस्तकातल्या चुका काढतेस, त्यानंतर पुस्तक तरी कुठे वेगळं दिसतं?"

तिने समोरच्या कागदावर सही केली.

ही सही फार महत्त्वाची. बाबांचं तिघांचं मंडळ होतं: बाबा, दातांचे एक डॉक्टर आणि गणिताचे एक निवृत्त मास्तर. दर रविवारी डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात बैठक. तिथल्या प्रतीक्षा खोलीत एक फळा होता, त्यावर कोणी कुठला प्रोसेसर किती पळवला त्याचे आकडे. पेशंटना ते रक्तदाबाचे आकडे वाटत, आणि डॉक्टर त्यांना तसं वाटू देत. फळ्याच्या टोकाला बाबा आणि मास्तर अकरा वर्षं साडेचारशेवर अडकलेले, एकाच बाकावर बसवलेल्या दोन भांडखोर पोरांसारखे.

मंडळाचा नियम एकच, पण कडक. नुसता वेग दाखवून भागत नाही, तो टिकला पाहिजे. संगणकाला एक गणित घालायचं, आणि ते त्याने चोवीस तास पुन्हा पुन्हा सोडवायचं. दर फेरीला तेच दहा आकडी उत्तर आलं पाहिजे. एक आकडा जरी हलला तरी प्रोसेसर अडखळला, सगळं बाद. उत्तर तिघांना तोंडपाठ होतं, म्हणून मालकाच्या शब्दावर विश्वास नाही. साक्षीदार पाहिजे. त्याने सुरुवात बघायची, शेवट बघायचा, शेवटच्या फेरीचं उत्तर स्वतःच्या हातानं लिहून सही करायची. मास्तर प्रतिस्पर्धी म्हणून बाद. डॉक्टर भाचीकडे गेलेले. आईला विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, "सही करीन, पण खाली माझं मतही लिहीन." राहिली लेक.

तो दिवस पुढे अगदी साधा गेला. बाबा तासातासाला खोलीत जाऊन खोक्यावर हाताची पाठ ठेवून यायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी. खोक्याचं झाकण काढून त्यांनी समोर टेबलफॅन लावला होता. तो घरघर करायचा. आई म्हणाली, या घरात मी उकडतंय म्हटलं तेव्हा एकदाही एवढ्या तत्परतेनं पंखा आला नाही. बाबा म्हणाले, तू पाचशे चारनं चाललीस कधी? आईने दोन तास बोलणं टाकलं. बाबांनी त्या शांततेत एक डुलकी काढून घेतली.

रात्री जेवणं झाल्यावर बाबा तिच्या दाराशी आले. ती मुद्रितं घेऊन बसली होती.

"उद्या दहाला. साक्षीदार दहा मिनिटं आधी येतो."

"बघू," ती वर न बघता म्हणाली.

शेवटचा शब्द म्हणून हा काही फार बरा नाही. पण त्याला आपण शेवटचे आहोत हे कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला आईने चहा नेला आणि बाबा उठले नाहीत. खालच्या मजल्यावरची डॉक्टरीण गाऊनवरच धावत आली. तिने तपासलं, आईचा हात धरला आणि म्हणाली, झोपेतच गेले, कळलंसुद्धा नसेल. सातपर्यंत घर माणसांनी भरलं. कोणी आईजवळ बसलं, कोणी फोन करायला लागलं, कोणी खुर्च्या सरकवायला लागलं. लेक माणसांना पाणी देत होती. ती रडत नव्हती. तिला रडण्याआधी सगळं नीट लावून ठेवायची सवय होती.

आणि या सगळ्याच्या मागे ती घरघर. बोलणं थांबलं की ऐकू यायची. आत्याच्या यजमानांनी विचारलंही, "मागे पंप चालू आहे का कोणाचा?"

"मी बघते," ती म्हणाली.

खोलीत सगळं कालच्यासारखंच होतं. टेबलफॅन मान हलवत होता. पडद्यावर फेऱ्यांची रांग लागली होती, प्रत्येकीपुढे तेच दहा आकडे. तिची नजर सवयीनं वरून खाली गेली. एकही आकडा हललेला नव्हता. रांग संपते तिथे नवी फेरी सुरू होती. खोकं मजेत होतं. त्याला काही पडलेलं नव्हतं.

तिने भिंतीतला प्लग उपटला.

टेबलफॅन थांबला. पण खोकं थांबलं नाही. वीज गेली तरी मोजणी मोडू नये म्हणून बाबांनी खाली बॅटरीचा डबा बसवला होता. तो कर्कश किंचाळायला लागला. पीं, पीं, पीं. बाहेरून आत्याच्या यजमानांचा आवाज आला, "अरे, गॅस गळतोय का बघा!" पडद्यावर नवी फेरी पूर्ण झाली. उत्तर बरोबर. तेव्हा ती गुडघ्यावर बसली, खोक्याच्या मागे हात घातला, आणि वायर ओढून काढली. मग त्या डब्याचंही बटण दाबून ठेवलं, तो गप्प होईपर्यंत.

म्हणजे तिने ते एकदा नाही, दोनदा केलं. रागाच्या झटक्यात घडलं असं म्हणायला दुसऱ्या वेळी जागा उरत नाही.

भिंतीवर पावणेआठ वाजले होते. त्या घरातलं घड्याळ चुकीचं असण्याचा प्रश्नच नव्हता. दहाला सव्वादोन तास होते.

दुपारी सगळं आटोपलं. यंत्राबद्दल कोणी विचारलं नाही. डॉक्टर आणि मास्तर त्या दिवशी आले, आईसमोर बराच वेळ नुसते बसले, गेले. त्यांनीही विचारलं नाही. विचारायला जीभ रेटली नसावी. पुढे वीस दिवस त्यांनी दम धरला, आणि त्या दोघांच्या मानाने हे तपच म्हणायचं.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी दोघे आले. आईची चौकशी झाली, हवेची झाली, गुडघ्यांची झाली. चहा संपला. कप तरी किती वेळ हातात धरणार?

"बाळ," डॉक्टर म्हणाले, "विचारू नये, पण विचारतो."

"तू नको विचारू, मी विचारतो," मास्तर म्हणाले. "तू रडशील."

"मी कशाला रडतोय?"

"तू फळा पुसतानासुद्धा रडलास परवा." मास्तर तिच्याकडे वळले. "पोरी, ते चोवीस तास झाले का पूर्ण? म्हणजे त्या गडबडीत तुला बघायला झालं नसेल, आम्ही समजू शकतो. पण समजा बघितलं असलंस तर."

दोन म्हातारी माणसं तिच्याकडे निकाल लागायच्या दिवशीच्या पोरांसारखी बघत होती. खरं सांगणं फार सोपं होतं. चार शब्दांचं काम.

"हो," ती म्हणाली. "झाले."

डॉक्टर लगेच रडले.

"बघ, म्हटलं नव्हतं," मास्तर म्हणाले, आणि स्वतः चष्मा काढून पुसत बसले.

आता कागद द्यायला हवा होता. सुरुवातीची सही त्यावर होतीच. कागद रविवारी दवाखान्यात घेऊन येते असं सांगून तिने त्या दोघांना वाटेला लावलं आणि बाबांची फाईल काढली. साडेचारशेच्या वेळचा कागद अकरा वर्षांनी जरा पिवळा झाला होता, पण आकडे स्वच्छ होते. बरोबर उत्तर एकच, तेव्हाचं तेच आताचं. तिने ते मनात जोडीजोडीनं वाचत उतरवलं, मुद्रितं वाचतात तसं: त्र्याहत्तर, अठरा, सत्तेचाळीस, सव्वीस, शून्य पाच. खाली वेळ लिहिली, दहा वाजता. सही केली. आयुष्यातली पहिली लेखी लबाडी म्हणून अक्षर फारच सुबक आलं होतं.

तपासून मात्र बघितलं नाही. दुसऱ्याचं लिखाण तीनदा तपासणाऱ्या बाईला स्वतःच्या त्या एका ओळीकडे पुन्हा बघवलं नाही.

रविवारी दवाखान्यात गेली तेव्हा फळा धुऊन पुसून तयार होता. सगळ्यात वर, डॉक्टरांच्या अक्षरात, बाबांचं नाव आणि पुढे पाचशे चार. एरवी औषधाच्या चिठ्ठीवर मुंगी चालल्यासारखं लिहिणाऱ्या माणसाने ते नाव शाळकरी पोरासारखं गिरवून काढलं होतं. खाली मास्तर, साडेचारशे. अकरा वर्षांनी बाक मोकळा झाला होता.

"ये, ये. खुर्चीवर नको बसू, ती पेशंटची आहे, सवयीनं तोंड उघडशील," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी कागद हातात घेतला. औपचारिकता म्हणून वाचायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. मग ओठ थांबले. त्यांनी कागद खिडकीपाशी नेला.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही."

"अरे, काही नाही असं तोंड मी दाढ काढताना बघतो. काय झालं?"

मास्तरांनी कागद त्यांच्यापुढे धरला आणि नखानं दाखवलं. "मध्ये बघ. सत्तेचाळीस पाहिजे. इथे चौऱ्याहत्तर आहे."

लेकीला ते बघायची गरजच नव्हती. सत्तेचाळीस म्हणताना तोंडात सात आधी येतो, आणि हाताने तोंडाचं ऐकलं होतं. अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरांना हीच चूक दाखवून दाखवून तिच्या पेन्सिली झिजल्या होत्या.

डॉक्टर हातातल्या खडूकडे बघत होते.

"शेवटच्या फेरीला अडखळला म्हणजे," मास्तर हळू म्हणाले.

"व्होल्टेज कमी पडलं असेल," डॉक्टर म्हणाले. "पट्टी नीट झाकली गेली नसेल. हात थरथरायचा रे त्याचा हल्ली. मागच्या महिन्यात मी त्याला म्हटलं होतं, रंगवायचं काम मला दे, मी दिवसभर दातांत तेच करतो. ऐकेल तर शपथ."

"नेलपॉलिश शेजारच्या पट्टीवर गेलं असणार. केसाएवढं. एवढं पुरतं."

"घड्याळवाल्याचा हात," डॉक्टर म्हणाले, आणि मान हलवली.

"मी उतरवताना चुकले असेन," ती पटकन म्हणाली. "सत्तेचाळीसचं चौऱ्याहत्तर. होतं असं."

दोघांनी तिच्याकडे इतक्या मायेनं बघितलं की तिला पळून जावंसं वाटलं.

"तू?" मास्तर म्हणाले. "तुझा बाप सांगायचा, ही लग्नपत्रिका लाल पेन्सिलीनं सुधारून परत पाठवते. तू दहा आकडे उतरवताना चुकणार?"

"बापाला पाठीशी घालतेस, बाळ. समजतं आम्हाला," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "काय करायचं?"

मास्तर फळ्यासमोर उभे राहिले. नियम त्यांनीच केला होता. डॉक्टरांनी एकदा फोटो दाखवून पाचशेवर दावा केला होता, आणि फोटो काढल्यावर चार मिनिटांत ते यंत्र धूर सोडून बसलं होतं, तेव्हापासूनचा नियम. मास्तरांनी तो आजवर कोणासाठी वाकवला नव्हता, स्वतःसाठीही नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "नाव राहू दे वर."

"नियम?"

"नियम गेला खड्ड्यात. माणूस गेलाय. एका आकड्यासाठी त्याला खाली उतरवू? आपण दोघं आणि ही. चौथ्याला कळायचं कारण नाही." त्यांनी कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "चल, चहा सांग."

म्हणजे सुटली. तिने एक अक्षर बोलायची गरज नव्हती. बाबांचं नाव सगळ्यात वर राहणार होतं, पेशंट त्याकडे बघून आपापल्या रक्तदाबाची काळजी करणार होते. फक्त ही दोन माणसं दर रविवारी त्या नावाखाली बसून चहा पिताना मनात म्हणणार होती, बिचाऱ्याचा हात गेला होता शेवटी. दया म्हणून ठेवलेलं नाव. आणि खरं सांगितलं तर ते नाव खाली येणार होतं, कारण चोवीस म्हणजे चोवीस. वर जायचं तर थरथरत्या हातानं, खाली यायचं तर धडधाकट हातानं. बाबांना विचारलं असतं तर त्यांनी काय निवडलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ज्या माणसानं दोन सेकंदांसाठी गिऱ्हाइकाचं घड्याळ चारदा उघडलं, तो दयेचा एक ठोकाही खपवून घेणार नव्हता.

डॉक्टर चहा सांगायला दाराकडे निघाले होते.

"काका, थांबा," ती म्हणाली. "खोटं आहे ते."

डॉक्टर थांबले.

"उत्तर मी जुन्या कागदावरून उतरवलं. शेवटची फेरी मी पाहिलीच नाही. ती झालीच नाही."

मास्तरांचा हात खिशातल्या कागदावर गेला. "मग बंद कधी पडलं?"

"पडलं नाही. पावणेआठपर्यंत चालू होतं. एकवीस तास पंचेचाळीस मिनिटं. मी सगळी रांग वाचली, वरपासून खालपर्यंत. एक आकडा हललेला नव्हता. वीज काढली त्यानंतरही बॅटरीवर एक फेरी झाली, तीही बरोबर. पट्ट्या रंगवल्या तेव्हा उजेड मी धरला होता, काका. हात हलला नव्हता. मधली पट्टी कोरी होती."

"वीज काढली? कोणी?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज आता नियमाचा होता, आणि तिला तो आवाज बरा वाटला.

"मी," ती म्हणाली. "बाबा आत पडले होते आणि ते चालू होतं. मला त्याचा राग आला. बाबा थांबले तर ते का चालणार, असं वाटलं. म्हणून मी ते बंद केलं."